नाक झाकले, पण पाठ ओलीच राहिली

पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीचे दिवस सुरू होतात. सकाळी पाठीला पंप लागतो तो ऊन डोक्यावर येईपर्यंत उतरत नाही. ज्याच्या नावावर चार एकर आहे तो स्वतःच्या वावरात फवारतो, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही तो दुसऱ्याच्या वावरात पंपामागे इतके रुपये असा भाव ठरवून फवारतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हा दुसऱ्या प्रकारचा माणूस आहे. संध्याकाळी तो घरी येतो, ओला सदरा दोरीवर टाकतो, आणि तोच सदरा दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगात घालतो. आज आम्हाला या सदऱ्याविषयीच लिहायचे आहे.

२०१७ चा पावसाळा जिल्हा विसरलेला नाही. जुलैपासून फवारणी करणारी माणसे उलट्या, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, अंगाला थरथर अशा तक्रारी घेऊन यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येऊ लागली. ऑक्टोबर उजाडेपर्यंत वृत्तपत्रांची पाने भरून गेली होती. जिल्ह्यात किमान २० जणांचा जीव गेला आणि ८०० हून अधिक लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपये जाहीर केले. पुढे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिनचे मिश्रण, डायफेन्थियुरॉन, ॲसिफेट आणि फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण अशा पाच औषधांच्या विक्रीवर यवतमाळसह विदर्भातील पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी आली.

त्या काळात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते : “मजुरांनी तोंडाला काही बांधले नव्हते.” अधिकारी हेच म्हणत, दुकानदार हेच म्हणत, आणि खेदाची गोष्ट अशी की आमच्यातलेही हेच म्हणू लागले. जणू सारा दोष एका दुपट्ट्याचा होता! आम्ही ज्यांना ज्यांना भेटलो त्यातले बहुतेक मात्र सांगत होते, “तोंडाले दुपट्टा बांधला होता जी!” मग विष गेले कुठून?

ते गेले कातडीतून. उघड्या रानात पाठीवरच्या पंपाने फवारणाऱ्या माणसाच्या अंगात जे विष जाते, त्यातला फार मोठा वाटा कातडीवाटे जातो. नाकावाटे जाणारा वाटा त्या मानाने थोडा असतो. हे काही कालचे ज्ञान नाही. १९६२ साली अमेरिकेतील डरहॅम आणि वुल्फ या दोन संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत फवारणी करणाऱ्यांच्या अंगावर किती औषध पडते हे मोजण्याची रीत सांगितली होती. रीत साधी होती. मजुराच्या छातीवर, पाठीवर, दंडावर, मांडीवर शोषून घेणाऱ्या जाड कागदाच्या वा कापडाच्या चौकोनी पट्ट्या लावायच्या, त्याला नेहमीसारखे काम करू द्यायचे, आणि मग प्रत्येक पट्टीत किती औषध उतरले ते प्रयोगशाळेत मोजायचे. शरीराचा तो भाग किती मोठा आहे त्याने गुणले की अंदाज निघतो. पुढे कोणी पट्ट्यांऐवजी पूर्ण अंगभर सुती कपडा घालून तो कापून तपासला, कोणी हात धुतलेले पाणी तपासले, तर कोणी औषधात चमकणारा रंग मिसळून अंधारात खास दिव्याखाली माणसाचे अंग पाहिले. जिथे विष बसले तिथे अंग चमकते.

पण काम होऊन गेल्यावर, काहीच मोजलेले नसताना काय करायचे? हा प्रश्न आमच्या जिल्ह्यासमोर होता तसाच तो समुद्रावरही उभा राहिला. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात सांडले, आणि किनाऱ्याला लागलेले ते काळे तेल उचलायला शेवटी माणसाचेच हात लागले. त्याच वर्षी २० एप्रिलला अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट झाला. ११ कामगार मेले आणि ८७ दिवस तेल वाहत राहिले. ते साफ करायला हजारो माणसे लावली गेली. त्यात मासेमार होते, बेकार होते, रोजंदारीवर आलेले होते. २०११ पासून तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने सुमारे ३३,००० जणांचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा एक मोठी उणीव दिसली. कामाच्या जागेच्या हवेचे नमुने हजारोंनी घेतलेले होते. कातडीवर किती तेल बसले याचे मोजमाप मात्र कोणी केलेच नव्हते. म्हणजे तिथेही सगळ्यांना नाकच आठवले होते!

मग त्या संशोधकांनी काय केले? त्यांनी कामगारांना विचारले. तू नेमके काय काम केलेस? होडी धुतलीस, वाळू उपसलीस, की तेल अडवणारे लांब पट्टे ओढलेस? तेल थेट अंगावर सांडत होते का? तुषार उडून अंगावर बसत होते का? की माखलेल्या दोराला, अवजाराला हात लागून ते येत होते? हातमोजे कसले होते, किती वेळाने बदललेस? शरीराचे डोके, दंड, मनगटापर्यंतचा हात, पंजे, छाती-पोट, पाठ, मांड्या, पोटऱ्या, पावले असे नऊ भाग पाडून प्रत्येक भागाला त्यांनी गुण दिले. ही गुण देण्याची रीत मुळात हॉलंडमधल्या संशोधकांनी २००३ साली मांडली होती. यातून निघतो तो अंदाजच. अमक्याच्या अंगात इतके मिलिग्रॅम गेले असे ते छातीठोकपणे सांगत नाही. पण कोणत्या कामात, शरीराच्या कोणत्या भागावर जास्त बसले, हे कळते. माणसाच्या आठवणीला आणि त्याच्या कामाच्या माहितीला तिथे पुरावा म्हणून मान मिळाला, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते.

हे सारे वाचल्यावर आम्ही ठरवले की आपल्या वस्तीत हे करून पाहायचे. प्रयोगशाळा नाही तर नाही, नीळ तर आहे! एका रविवारी चार-पाच तरुण जमवले. नवाच आणलेला, अजून औषध न पाहिलेला पंप घेतला. त्यात साधे पाणी आणि कपड्याला घालायची नीळ मिसळली. एका भावाला जुनी पांढरी बंडी, पांढरा पायजमा आणि डोक्याला पांढरा रुमाल दिला आणि सांगितले, “जसा रोज फवारतो तसाच फवार.” पऱ्हाटी त्याच्या छातीला लागत होती. त्याने फक्त दोन तासे मारली आणि धुऱ्यावर येऊन उभा राहिला.

बाया हसायला लागल्या आणि मग एकेक करून गप्प झाल्या. तोंडाचा रुमाल थोडासाच निळा होता. मांड्यांचा पुढचा भाग मात्र पार निळा, कारण तो आपणच भिजवलेल्या झाडांतून चालत गेला होता. नळी धरलेला हात कोपरापर्यंत निळा. झाडे उंच म्हणून नोझल वर धरावे लागले, त्यामुळे छातीवर आणि गळ्यावर ठिपकेच ठिपके. आणि पाठ? पंप नवा असूनही झाकणातून पाणी डुचमळून बाहेर आले होते. त्याचा ओघळ कण्यावरून खाली उतरून पायजम्याच्या नाडीपर्यंत आणि तिथून आत जांघेत गेला होता. तो भाऊ म्हणाला, “पाठ तं रोजच भिजते जी. आमाले वाटे घामच आहे.”

आता या ओघळाचे गांभीर्य समजून घ्या. शरीराची कातडी सगळीकडे सारखी नसते. १९७१ साली मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काही स्वयंसेवकांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी पॅराथिऑन नावाच्या कीटकनाशकाचा अगदी सूक्ष्म अंश लावून किती आत जातो ते पाहिले. हे औषध मोनोक्रोटोफॉसच्याच कुळातले. मनगट ते कोपर या भागातून शेकडा ९ च्या आसपास आत गेले, तळहातातून १२, पोटावरून १८, कपाळावरून ३६, काखेतून ६४, आणि पुरुषाच्या अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळेच. कुटुंबाच्या पानावर असे शब्द नकोत असे कोणी म्हणेल. पण लाजेपोटी न बोललेल्या गोष्टीने माणूस मरत असेल तर ती लाज काय कामाची? पाठीवरून गळणारा ओघळ नेमका तिथेच जातो. त्यात ऊन, घाम आणि घासलेली कातडी. म्हणजे विषाला दारे सताड उघडी.

दुसरी गोष्ट हाताची. समजा पंधरा लिटरच्या टाकीत तीस मिली औषध टाकले. म्हणजे ते पाचशे पट पातळ झाले. आता उलटा हिशेब करा. मापून ओतताना बाटलीतले एक मिली मूळ औषध बोटांवर सांडले, तर ते अर्धा लिटर फवारणीचे पाणी अंगावर ओतून घेतल्यासारखे आहे. शेकडा ३६ चे औषध असेल तर त्या एका मिलीत सुमारे ३६० मिलिग्रॅम विष असते. आणि आमचे भाऊ काय करतात? बाटलीच्या बुचाने मापतात, काडी सापडली नाही तर बकेटीत हात घालून ढवळतात, आणि नोझल तुंबले की तोंडाने फुंकतात. पुष्कळदा बकेटीत पाणी ओतून औषध कालवायचे काम बाईकडे असते. तिच्या हातात तर रुमालही नसतो. फवारणाऱ्याची गणती होते, कालवणारीची होत नाही.

मग उपाय काय? पूर्ण किट घाला, असे सांगणे सोपे आहे. भादव्यातल्या उन्हात तो जाड पोशाख घालून दोन तास उभे राहून दाखवा, असे आम्ही सांगणाऱ्यांना नम्रपणे म्हणतो. किट मिळाले तर जरूर घ्यावे, आणि मजुराला ते देणे हे काम सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहेच. पण किट नाही म्हणून काहीच नाही, असेही व्हायला नको. आम्ही नीळ घालून पुन्हा दोन वेळा प्रयोग केला. एकदा पाठीवर पंपाखाली जाड पन्नी बांधली आणि तिचे टोक पायजम्याच्या नाडीवरून बाहेर सोडले, तसेच कमरेला पुढून गुडघ्याखालपर्यंत पन्नीच गुंडाळली. झाकणाची वायसर बदलली आणि टाकी काठोकाठ भरली नाही. पाठ कोरडी राहिली, मांड्यांवर तुरळक डाग. दुसऱ्यांदा वाऱ्याकडे पाठ करून, नळी समोर न धरता वाऱ्याच्या बाजूला धरून आणि भिजलेल्या तासातून परत न चालता फवारले. छातीवरचे ठिपके निम्म्याहून कमी झाले. नाकाचा दुपट्टा तर पाहिजेच. पण तो भिजला की बदलायचा, कारण विषाने ओला दुपट्टा तोंडाला बांधून ठेवणे म्हणजे औषधाची पट्टी लावून घेणे. कालवताना मात्र तडजोड नको. लांब, जाड रबरी हातमोजे हवेत, ते आतून ओले झाले तर फेकून द्यावेत, कारण आत गेलेले विष मोजा दाबून धरतो.

आता आमच्या बहिणींशी दोन शब्द. फवारणीचे कपडे पोरांच्या कपड्यांत भिजवू नका. वेगळ्या भांड्यात, साबणाने, दोन-तीन वेळा पाणी बदलून धुवा. ते पाणी विहिरीजवळ, हातपंपाजवळ सांडू नका. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्याने करावे. दुसरा म्हणजे पुरुषही चालतो! रिकामी बाटली, डबा तेल-मिठाला वापरू नका. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतल्या दुपारच्या जेवणाने २३ लेकरे गेली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले होते.

फवारून आलेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांना पाणी लागले, दम लागला, मळमळले, मांसाचे तुकडे अंगात आपोआप उडू लागले, तर बुवाबाजी नको आणि दूध-तूपही नको. उलटी काढायचा प्रयत्नही करू नका. आधी सगळे कपडे उतरवा, साबण लावून डोके, काखा, जांघा, नखे भरपूर पाण्याने धुवा. धुणाऱ्याने आपल्या हातांवर पन्नी बांधावी. मग १०८ ला फोन, आणि बाटली सोबत. बाटली का? कारण मोनोक्रोटोफॉसच्या कुळाला ॲट्रोपिनचे इंजेक्शन आहे. सगळ्या औषधांना असा उतारा नाही, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवली असतील तर डॉक्टर अंधारात चाचपडतो. या कुळाच्या औषधाने रक्तातले कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य घटते. ते मोजले की माणूस पडण्याआधीच धोका कळतो. २०१७ मध्ये यवतमाळच्या त्या मोठ्या रुग्णालयात ही तपासणी होत नव्हती. आणि १९७१ च्या नियमांत काय लिहिले आहे? या कुळाच्या औषधांशी काम करणाऱ्याचे कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजावे! हा नियम वावरापर्यंत कधी पोचला ते कोणी आम्हाला दाखवून द्यावे. प्रत्येकाचे मूळ प्रमाण वेगळे असते, म्हणून हंगामाआधी एकदा आणि हंगामात पुन्हा, अशी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मागितली पाहिजे. एकट्याने मागितली तर हाकलतील. वस्तीने मिळून अर्ज द्यावा.

शेवटची गोष्ट कागदाची. सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने थेट स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा या कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. या कंपनीचे ‘पोलो’ नावाचे औषध, म्हणजे डायफेन्थियुरॉन, आपल्याला बाधले असे त्यांचे म्हणणे. कंपनीने जबाबदारी नाकारली. अशा भांडणात पहिला प्रश्न एकच असतो : त्या दिवशी पंपात काय होते? पोलिसांच्या कागदांत कोणत्या औषधाचे नाव नोंदले गेले, याला तेव्हा किंमत आली. ज्याच्याकडे दुकानाची पावती होती तो पुढे जाऊ शकला. पण पावती मालकाच्या नावावर असते, मजुराच्या नावावर काहीच नसते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एकासाठी आहे. ज्याचा सातबाराच नाही त्याने कोणता उतारा जोडावा?

म्हणून आमची विनंती आहे की प्रत्येक घरात शाळेत जाणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती एक दोन रुपयांची असो की दहाची, वही द्या. बाप संध्याकाळी आला की त्याला विचारून लिहायचे : तारीख, कोणाचे वावर, औषधाचे नाव आणि डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग, किती पंप, कोणी कालवले, अंग कुठे कुठे भिजले, रात्री काही झाले का. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आखातातल्या संशोधकांनी तेहेतीस हजार माणसांना मागाहून जे विचारले, तेच आपण त्याच दिवशी विचारायचे.

ज्या वस्तीत आम्ही नीळ घातली, तिथे सातवीतल्या एका मुलीने दुसऱ्याच दिवशी वही सुरू केली. महिन्याने गेलो तेव्हा तिने दाखवली. सतरा दिवसांची नोंद होती. औषधाच्या नावाच्या रकान्यात पाच ठिकाणी तिने लिहिले होते : “मालकाने डबा दाखवला नाही.” आणि ‘कुठे भिजले’ या रकान्यात पहिल्या आठवड्यात रोज “पाठ, मांड्या”; नवव्या दिवसापासून नुसते “हात”. आम्ही विचारले, नवव्या दिवशी काय झाले? तिची आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “पन्नी आणली जी. खताच्या पोत्यातली नाही, नवी आणली.”